नातवंडांच्या हातात कोरायचा चाकू कधी आणि कसा द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: नातू सहा वर्षांचा, नात नऊची. आजोबा हौस म्हणून लाकडात छोटे पक्षी-प्राणी कोरतात, दोन्ही मुलं तासन्‌तास शेजारी बसून बघतात आणि आता "आम्हाला पण करू दे" म्हणून मागे लागलीयेत. सूनबाई घाबरतात. तर चाकू कुठल्या वयात द्यायचा, पहिली वस्तू कुठली करून घ्यायची, आणि दोघांना एकदम बसवलं तर चालेल का.

मी पस्तीसेक वर्षं कोरतेय, आधी माझी दोन मुलं शिकली, मग नातवंडं, मग त्यांचे मित्रमैत्रिणी. त्यामुळे जे चुकलं ते पण सांगते आणि जे जमलं ते पण. आधी सरळ उत्तर: नातीला आता चाकू द्या, नातवाला अजून नको, पण त्यालाही आजपासूनच काम द्या, नुसतं बघायला लावू नका. आणि पहिली वस्तू कुठलीच नको. पहिले दोन-तीन दिवस फक्त ढलप्या काढायच्या. हे ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण माझा सगळ्यात जास्त भर याच्यावरच आहे, कारण मुलांना लागतं ते बहुतेक वेळा वस्तू पूर्ण करायच्या घाईत लागतं. मूल माशाची शेपटी करायला बसलं की त्याचं लक्ष शेपटीकडे असतं, पात्याकडे नसतं. ढलपी काढायला बसलं की लक्ष पात्याच्या धारेवरच असतं, दुसरं बघायला काही नसतंच ना.

वयाचं म्हणाल तर आकडा मी मानत नाही फारसा. मी तीन गोष्टी बघते. "थांब" म्हटल्यावर मूल त्या क्षणी थांबतं का, म्हणजे हातातलं संपवून नाही, त्या क्षणी. कोणी हाक मारली तर हातातली वस्तू खाली ठेवून मग वळतं का, का वस्तूसकट वळतं (कात्रीने कागद कापताना मागून हाक मारून बघा, लगेच कळेल). आणि पंधरा मिनिटं एका जागी बसतं का. माझी एक नात साडेसहाला तयार होती, तिचा भाऊ आठ पूर्ण झाले तरी नव्हता, आणि त्याला मी तसं स्पष्ट सांगितलं, की तू वळतोस ते चाकूसकट वळतोस, हे जमलं की देते. त्याने ते स्वतःहून दोन महिन्यांत जमवलं. मुलांना कारण सांगितलं की ती रुसत नाहीत, "तू लहान आहेस" म्हटलं की रुसतात.

आता सहा वर्षांच्या नातवासाठी. साबण. अंगाचा साधा साबण, नुकताच वेष्टनातून काढलेला, कारण जुना वाळलेला साबण ठिसूळ होतो आणि तुकडे पडतात. त्याला आइस्क्रीमच्या काडीचं एक टोक घासून चपटं करून द्या, किंवा जाड सुईच्या बोथट बाजूने करू दे. साबणात मूल जे शिकतं ते पुढे लाकडात कामाला येतं: एकदा काढलेलं परत लावता येत नाही. मातीकामाची सवय असलेली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण मातीत चुकलं की चिकटवता येतं. दुसरी गंमत बघा, मूल वरून माशाचा आकार काढतं, कडा तासतं, मग साबण उभा करून बघतं तर मासा बाजूने पाटासारखा चपटा. तिथे काही बोलू नका. त्याचं त्यालाच दिसतं की वस्तूला वरून, समोरून, बाजूने अशा सगळ्या बाजू असतात, आणि त्या वयात हे कळणं फार मोठी गोष्ट आहे.

साबणाच्या जोडीला साल काढणं. ओली, अंगठ्याएवढी जाड फांदी घ्यायची आणि भाजी सोलायचं सोलाणं हातात द्यायचं, ज्याचं पातं आडवं असतं ते. अंगापासून लांब सोलायचं, एकाच दिशेने. ओल्या फांदीची साल सुटत जाते आणि खालून पांढरं ओलसर लाकूड निघतं, ते बघून मुलं अक्षरशः हरखून जातात. सोलाण्याने बोटाचं सालपट निघू शकतं, पण खोल जात नाही.

पण फांदी कुठल्या झाडाची, हे तुम्ही बघा, मुलांवर सोडू नका. कण्हेर अजिबात नको, पांढरी-गुलाबी नको आणि पिवळीही नको, दोन्ही विषारी आहेत आणि मुलं काडी तोंडात घालतातच. पांढरा चीक येणारं कुठलंच झाड नको, रुई आणि शेर तर नकोच नको, चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. झाड ओळखू आलं नाही तर ती फांदी घ्यायची नाही, संपलं.

आता नातीकडे येते. चाकू कुठला? घडीचा नको, घडी बोटावर मिटते. स्वयंपाकघरातली सुरी नको, पातं लांब आणि लवचिक असतं, लाकडात दाबलं की वाकतं. कागद कापायचं तुकड्या-तुकड्यांचं कटर तर मुळीच नको, ते पातं तुटण्यासाठीच बनवलेलं असतं आणि जोर दिला की तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. चार-पाच सेंटीमीटरचं, न मिटणारं, जाड पाठीचं पातं आणि तिच्या मुठीत भरेल अशी मूठ. मोठ्यांची मूठ लहान हातात फिरते, म्हणून माझ्या नातवंडांच्या चाकूंच्या मुठी मी कानशीने घासून बारीक करून दिल्यात. मुलांसाठी गोल टोकाचे चाकू मिळतात, तेही चांगले, सुरुवातीला टोकाचं कामच नसतं.

आणि धार. इथे माझी चूक सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना मी त्याला मुद्दाम बोथट चाकू दिला, लहान आहे, लागायला नको म्हणून. बोथट पातं लाकडात शिरेना, तो जोर लावत गेला, लावत गेला, आणि एकदम पातं सटकून डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गेलं. तीन टाके पडले. बोथट चाकूने जखमही वेडीवाकडी होते, कापण्यापेक्षा फाटते. धारदार पात्याला जोर लागत नाही, आणि जोर नसला की सटकलं तरी लांब जात नाही. तेव्हापासून मुलांच्या हातात जो चाकू देते तो माझ्या चाकूपेक्षा जास्त धारदार असतो. दर वेळी बसायच्या आधी चामड्याच्या पट्ट्यावर धातूला चमक आणायच्या पॉलिशची वडी चोळून पातं दोन्ही बाजूंनी वीस-वीस वेळा ओढायचं, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, नाहीतर चामडं कापलं जातं. हे काम मुलांनाच करायला द्या, त्यांना फार आवडतं आणि चाकू हातात घेतल्यावर जी एक गडबड असते मनात ती त्या वीस फेऱ्यांत बसते.

लाकूड मऊ आणि एकसारखं हवं. बासवुड (लिंडन झाडाचं मऊ लाकूड) मिळालं तर उत्तमच, नाहीतर शिवण, पांगारा. सागवान नको, त्याच्यात सिलिका (वाळूतलं कडक खनिज) असते, धार पटकन जाते, आणि मुलांच्या मनगटाला ते कठीणच आहे. पॅकिंगच्या खोक्याचं पाइन सगळे घेतात कारण ते आयतं मिळतं, पण त्याच्यात एक थर मऊ एक थर कडक असं असतं, पातं मऊ थरातून सुळ्ळकन जातं आणि कडक थराशी अडकतं, नवशिक्या हाताला ते सांभाळत नाही. बालसा उलट इतकं मऊ की कापलं न जाता दबतं. गाठ असलेला तुकडा बाजूला काढा.

तुकडा साधारण पंधरा सेंटीमीटर लांब, अंगठ्यापेक्षा थोडा जाड. त्याच्या बरोबर मध्यावर लाल पेन्सिलने चारी बाजूंनी रेघ मारायची. रेघेच्या अलीकडे हात, पलीकडे चाकू. हा एकच नियम तिला पाठ करायला लावा, कारण बाकीचे नियम याच्यातच येतात. बसायचं स्टुलावर, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, काम गुडघ्यांच्या पुढे. मांडीवर किंवा दोन मांड्यांच्या मध्ये धरून कधीच कोरायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रक्तवाहिनी असते आणि तिथली जखम ही बोटाच्या जखमेसारखी नसते, हे मी मुलांना घाबरवायचं म्हणून नाही, नीट समजावून सांगते. आणि बसायच्या आधी चाकू म्यानात ठेवून हात लांब करून सगळीकडे फिरवायचा, त्या गोलात कोणी नको. धाकटा त्या गोलात आला की थोरलीने स्वतः चाकू खाली ठेवायचा, त्याच्यावर ओरडायचं नाही. जबाबदारी चाकूवाल्याची.

पहिला काप एकच शिकवा. उजव्या हाताने चाकू नुसता धरायचा, ढकलायचं डाव्या अंगठ्याने, पात्याच्या पाठीवर अंगठा टेकवून. म्हणजे लाकूड धरलेल्या हाताचाच अंगठा पात्याला ढकलतो. पातं फार तर एक-दीड सेंटीमीटर पुढे जातं आणि थांबतं, कारण अंगठा तेवढाच लांब होतो. खांद्यातून मारलेला लांब झपाटा बघायला छान दिसतो पण तो थांबवता येत नाही. माझ्या नातीला पहिल्या दिवशी हे सांगितलं तर ती म्हणाली आजी हे तर खूपच हळू आहे, मी म्हटलं हो, हळूच आहे. मग तिने दहाबारा वेळा नुसतं खरवडलं, पातं लाकडावरून घसरत होतं कारण कोन उभा होता. मी काही न बोलता माझ्या तुकड्यावर पातं जवळजवळ आडवं झोपवून दाखवलं. तिने बघितलं, तिचं झोपवलं, ढकललं, आणि एक पातळ, अंगठीसारखी गोल वळलेली ढलपी पात्यावर उभी राहिली. ती तिने उचलून उजेडात धरली, पलीकडचं दिसत होतं त्यातून. त्या दिवशी तिने तशा चाळीसच्या वर काढल्या आणि डबीत भरून ठेवल्या, ती डबी अजून आहे घरात.

दुसऱ्या दिवशी लाकडाची रेषा, म्हणजे ग्रेन. हे शब्दांत सांगायच्या भानगडीत पडू नका. तुकड्याचं एक टोक निमुळतं करायला द्या आणि मग मुद्दाम निमुळत्याकडून जाडाकडे कापायला सांगा. पातं आत शिरतं, लाकूड चिरत जातं, खर्र असा आवाज येतो आणि पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो. मग जाडाकडून निमुळत्याकडे. आता सर्र असा मऊ आवाज आणि चकचकीत काप. मुलं हे कानाने शिकतात, डोळ्यापेक्षा लवकर. मी फक्त एवढं म्हणते की उलटा कंगवा फिरवला की केस कसे ओढले जातात, तसं आहे हे, आवाज बदलला की तुकडा फिरवून घे. त्यानंतर आठवडाभरात नात स्वतःच "आजी, हे उलटं चाललंय" म्हणून तुकडा फिरवायला लागली.

मग दुसरा काप, अडवायचा काप, म्हणजे आधी आडवी चीर पाडायची आणि मग तिच्यापर्यंत ढलपी आणून तिथे तोडायची, हा आला की खाच करता येते, आणि खाच आली की वस्तू करता येते. स्वतःकडे ओढून कापायचा काप, बटाटा सोलतात तसा, तो मी बोटांवर पूर्ण ताबा आल्याशिवाय दाखवत नाही, आणि दाखवते तेव्हा अंगठ्याला चामड्याची टोपी घालूनच.

हातमोज्याबद्दल. लाकूड धरलेल्या हातात न कापला जाणारा मोजा घालाच, पण मुलांना सांगा की हा मोजा धार अडवतो, टोक अडवत नाही, टोक विणीतून आत जातं. चाकूच्या हातात मोजा नको, पकड कळत नाही. आणि फिरत्या मशीनवर तर कुठलाच मोजा नको, तो गुंडाळला जाऊन हात ओढतो, पण मुलांना मशीन द्यायचा प्रश्नच येत नाही.

कधीतरी लागणार हे धरून चला. शेजारी स्वच्छ कापड आणि पट्टी आधीच ठेवा. लागलं तर धुवायचं, दाबायचं, हात वर धरायचा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून सोडायचं नाही, मध्येमध्ये उघडून बघितलं की रक्त परत सुरू होतं. जखमेच्या कडा फाकल्या असतील, बोट बधिर वाटत असेल किंवा वाकत नसेल तर डॉक्टरकडेच. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेत झालंय ना हे सुरुवात करायच्या आधीच बघून ठेवा.

सूनबाईंचं. त्यांची भीती खोटी नाहीये, तिला हसू नका आणि त्यांच्या पाठीमागे तर मुळीच सुरू करू नका. त्यांना पहिल्या दिवशी शेजारी बसवा, जमलं तर त्यांच्याच हातात चाकू द्या. मी माझ्या सुनेला तिच्या लेकीच्या आधी दोन दिवस शिकवलं होतं, आणि अंगठ्याने ढकललेलं पातं किती कमी सरकतं हे तिने स्वतः अनुभवल्यावर तिची अर्धी काळजी गेली. आणि हा काही आपल्या हौशी लोकांचा वेडेपणा नाही. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस या शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहाने १८६६ साली शाळेत हस्तकाम सक्तीचं झालं, आणि शेजारच्या स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमन यांनी शिक्षकांना लाकूडकामातून शिकवायची पद्धत बसवली, स्लॉइड म्हणतात तिला. त्यात सुरुवातीची वस्तू म्हणजे फक्त चाकूने केलेली एक छोटी निमुळती काडी, मग त्याहून जरा अवघड वस्तू, असं पायरीपायरीने. आणि शिक्षकाने मुलाच्या कामाला स्वतःचा हात लावायचा नाही असा त्यांचा कडक नियम होता.

हा नियम आजीआजोबांनी पाळणं सगळ्यात अवघड आहे. चोच वाकडी झाली की आपला हात शिवशिवतो, "आण, एवढंच जरा नीट करून देतो" म्हणून आपण तुकडा घेतो आणि दोन कापांत छान करून देतो, आणि त्या क्षणी तो पक्षी मुलाचा राहत नाही. मी हे माझ्या मुलीबरोबर केलं. ती दहा वर्षांची होती, तिने तो पक्षी परत हातातच घेतला नाही, आणि नंतर कोरणंही सोडलं. आता मी शेजारी माझा वेगळा तुकडा ठेवते, दाखवायचं ते त्याच्यावर, मुलांच्या तुकड्याला बोट लावत नाही. वाकडी चोच वाकडीच राहू दे.

ढलप्या आणि खाच झाल्यावर वस्तू कुठली हे तिला विचारा, पण निवड तुम्ही तीनातून द्या: लोणी लावायची सुरी, टोपीवाली अळंबी, किंवा चपटा मासा. तिन्हीत पातळ पाय, कान, शिंगं असं तुटण्यासारखं काही नाही. घोडा, हत्ती हट्टाने मागतात मुलं, पण पायांत रेषा आडवी येते आणि शेवटच्या दिवशी पाय तुटतो, मग जे रडणं असतं ते बघवत नाही. ढोबळ आकार करवतीने तुम्ही आधी कापून ठेवलात तर तेवढं चालतं. गोल पटाशी, हातोडी वगैरे दहा-अकराच्या पुढे, आणि तेव्हा तुकडा टेबलाला क्लॅम्पने आवळलेला, दोन्ही हात पटाशीवर. एका हातात लाकूड आणि दुसऱ्या हातात पटाशी असं कधीच नाही.

घासकाम कमीत कमी ठेवा. चाकूने ढलपी पडते, घासण्याने धूळ उडते, आणि लाकडाची बारीक धूळ छातीला चांगली नाही (कारखान्यांत वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांमध्ये नाकाचे कॅन्सर दिसले म्हणून १९९५ साली ती कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या यादीत गेली). घरातल्या चार मिनिटांच्या घासण्याने काही होत नाही, तरी बाहेर, वाऱ्यावर, मास्क लावून. शिवाय चाकूचे काप तसेच ठेवले तर वस्तू जास्त देखणी दिसते असं माझं मत आहे. वर तेल लावायचं तर अळशीचं कच्चं तेल, पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न, दोघांना एकदम बसवायचं का. चाकू असताना नाही. एक मोठा माणूस, एक चाकू, एक मूल. तुमचे दोन डोळे दोन पात्यांवर राहू शकत नाहीत. नातीची वीस मिनिटं झाली की चाकू पुसून, म्यानात घालून, तुमच्या उंच कपाटात, आणि मग नातवाची साबणाची वीस मिनिटं. तिची वेळ चालू असताना त्याला गोलाच्या बाहेर बसवून काम द्या: गोल वळलेल्या ढलप्या एका डबीत, तुटक्या दुसऱ्या डबीत. तो वेगळ्या करता करता विचारायला लागेल की या गोल का वळल्या आणि त्या का तुटल्या. नात डावखुरी असेल तर शेजारी नका बसू, समोर बसा, म्हणजे तुमचा उजवा हात तिला आरशातल्यासारखा तिच्याच हाताच्या जागी दिसेल.